२४ डीबी आणि २४ डीबी सारखे का नाहीत? फिल्टरचे पोल, उतार आणि कटऑफ

खर्ज
दोन लो-पास फिल्टर (कटऑफच्या वरचं कापणारे) साइन लहर देऊन मोजले. पहिला सिंथेसायझरमधला लॅडर पद्धतीचा, रेझोनन्स (कटऑफपाशी शिखर उचलणारा फीडबॅक) शून्यावर. दुसरा ईक्यूमधला (इक्वलायझर). दोन्हींवर २४ डीबी, म्हणजे वारंवारता दुप्पट झाली की (एका ऑक्टेव्हला) २४ डीबी घट, असं लिहिलेलं आहे आणि दोन्हींचा कटऑफ १ किलोहर्ट्झला ठेवलाय. आकडे असे आले:

५०० हर्ट्झ: सिंथ उणे ३.९ डीबी, ईक्यू जवळजवळ शून्य
१ किलोहर्ट्झ: सिंथ उणे १२, ईक्यू उणे ३
२ किलोहर्ट्झ: सिंथ उणे २८, ईक्यू उणे २४

ऐकायलाही सिंथचा फिल्टर जास्त मऊ आणि बंद वाटतो. प्रश्न तीन. दोन्हीकडे चार पोल (प्रत्येकी ६ डीबी/ऑक्टेव्ह उतार देणारे घटक) असतील तर हा फरक येतो कुठून? लेबल कोणाचं खरं मानायचं? आणि एकाला दुसऱ्यासारखं करता येतं का?

निनाद
लेबल दोघांचंही खरं आहे. ८ किलोहर्ट्झला मोजून बघा: सिंथ उणे ७२.५ आणि ईक्यू उणे ७२.२ येईल. उताराचा आकडा कटऑफपासून दूरच्या भागाचा असतो, वळणाबद्दल तो काहीच सांगत नाही.

एका पोलपासून सुरुवात करू. एक रेझिस्टर, एक कपॅसिटर, कटऑफ = १ ÷ (२ × पाय × आर × सी). त्याचं वागणं असं:

कटऑफच्या निम्म्यावर: उणे ०.९७ डीबी
कटऑफवर: उणे ३.०१ डीबी, फेज (लहरीची चक्रातली जागा) ४५ अंश मागे
दुप्पट: उणे ६.९९
चौपट: उणे १२.३
आठपट: उणे १८.१

म्हणजे पहिल्या ऑक्टेव्हमध्ये घट फक्त ४ डीबी, दुसऱ्यात ५.३, तिसऱ्यात ५.८. पूर्ण ६ डीबी/ऑक्टेव्ह दूर गेल्यावरच मिळतो.

लॅडरमध्ये हेच चार टप्पे एकाच कटऑफवर एकामागे एक असतात, म्हणून वरच्या प्रत्येक आकड्याला चारने गुणा: ३.९, १२, २८. खर्ज यांचे आकडे हुबेहूब जुळतात. ईक्यूमध्ये बहुधा बटरवर्थ मांडणी आहे, म्हणजे कटऑफपर्यंत शक्य तितकी सपाट राहणारी. तिथेही पोल चारच, पण ते एका ठिकाणी रचलेले नसून दोन जोड्यांमध्ये पसरलेले असतात. एका जोडीचा क्यू (वळण किती टोकदार ते सांगणारा आकडा) ०.५४, दुसरीचा १.३१. दुसरी जोडी कटऑफपाशी थोडी वर उचलते, पहिली तिथेच खाली खेचते, आणि बेरीज बरोबर उणे ३ डीबीवर येते. पोल किती यावर दूरचा उतार ठरतो. ते कुठे उभे आहेत यावर वळण ठरतं, आणि कानाला जाणवतं ते मुख्यतः वळण.

तारसप्तक
म्हणजे "कटऑफ" या शब्दाचा अर्थसुद्धा दोन्हीकडे एक नाही?

निनाद
नाही. ईक्यूमध्ये तो बहुतेक वेळा उणे ३ डीबीचा बिंदू असतो. सिंथमध्ये तो प्रत्येक टप्प्याचा स्वतःचा कटऑफ, जिथे रेझोनन्सचं शिखर येतं आणि फिल्टर स्वतः वाजायला लागला तर जो स्वर निघतो तो. चार टप्प्यांच्या लॅडरमध्ये रेझोनन्स शून्य असताना खरा उणे ३ डीबी बिंदू कटऑफच्या ०.४३५ पट असतो. नॉब १ किलोहर्ट्झला, प्रत्यक्षात ४३५ हर्ट्झ.

ओहम
निनाद यांच्या "चारने गुणा" ला एक अट जोडतो, कारण ब्रेडबोर्डवर इथेच घोळ होतो. टप्प्यांमध्ये बफर (पुढच्याचा भार मागच्यावर येऊ न देणारं सर्किट) असेल तरच गुणाकार चालतो.

१० किलोओहम आणि १५ नॅनोफॅरडचे दोन आरसी टप्पे घ्या. प्रत्येकाचा कटऑफ १०६१ हर्ट्झ. मध्ये ऑप-अँपचा बफर असेल तर १०६१ ला उणे ६ डीबी आणि उणे ३ चा बिंदू ६८३ हर्ट्झला. बफर काढून थेट जोडले की १०६१ ला उणे ९.५ डीबी, आणि उणे ३ चा बिंदू घसरून ३९७ वर येतो. दुसरा टप्पा पहिल्याकडून करंट ओढतो, त्यामुळे दोन्ही पोल एकमेकांपासून दूर ढकलले जातात: एक ०.३८ पटीवर, दुसरा २.६२ पटीवर.

बफर टाकायचा नसेल तर दुसऱ्या टप्प्याचा इम्पिडन्स दहापट करा, म्हणजे १०० किलोओहम आणि १.५ नॅनोफॅरड. मग १०६१ ला उणे ६.४ येतं, जे बहुतेक कामांना पुरे. फक्त पुढच्या सर्किटचा इनपुट इम्पिडन्स किमान १ मेगओहम हवा, नाहीतर तोच भार बनतो.

खरं बटरवर्थ वळण हवं असेल तर बफरनेही भागत नाही, फीडबॅक लागतो. युनिटी गेनचा सॅलन-की (एका ऑप-अँपवरचा दोन पोलचा फिल्टर) घ्या, दोन्ही रेझिस्टर १० किलोओहम, फीडबॅककडचा कपॅसिटर ग्राउंडकडच्याच्या दुप्पट. २२ नॅनोफॅरड फीडबॅकला, आणि ग्राउंडकडे दोन २२ नॅनोफॅरड सिरीजमध्ये म्हणजे ११. कटऑफ साधारण १०२३ हर्ट्झ, क्यू ०.७०७. चार पोल हवे असतील तर असे दोन टप्पे, पण एकाचं कपॅसिटर गुणोत्तर १.१७ आणि दुसऱ्याचं ६.८३. कमी क्यूचा टप्पा आधी ठेवा. उलट ठेवलं तर जास्त क्यूचा टप्पा कटऑफपाशी सिग्नल उचलतो आणि मोठ्या सिग्नलला तिथेच क्लिपिंग होतं. आणि जास्त क्यूच्या टप्प्यात सैल टॉलरन्सचे कपॅसिटर वापरू नका, शिखर सरकतं आणि सगळं वळण बिघडतं.

कानसेन
आकडे बरोबर आहेत, पण सिंथ वाजवणाऱ्याने हे स्रोतासकट बघावं. सॉ (करवतीच्या दातांसारख्या) लहरीचे हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले घटक, स्वतःच ६ डीबी/ऑक्टेव्ह उतरतात, ट्रँगलचे १२. फिल्टरचा उतार त्यात मिळवला जातो.

१०० हर्ट्झची सॉ आणि ४०० हर्ट्झचा कटऑफ धरा. १६०० हर्ट्झला सोळावा हार्मोनिक, तो मुळातच उणे २४ डीबी. दोन पोलचं बटरवर्थ तिथे आणखी २४ घेतं: उणे ४८. चार पोलचं ४८ घेतं: उणे ७२. उणे ४८ चा हार्मोनिक एकट्या स्वरात अजून हवेसारखा जाणवतो, उणे ७२ चा जवळजवळ गेलाच. म्हणून १२ डीबीचे पॅड (लांबवलेले, पसरट आवाज) कटऑफ खाली आणला तरी मोकळे राहतात आणि २४ डीबीचा बास एकदम घट्ट बसतो. ट्रँगलवर मात्र १२ आणि २४ मधला फरक शोधावा लागतो, कारण कापायला वर फारसं काही नसतंच.

माझं ठाम मत: "२४ भारी, १२ साधा" ही समजूत टाकून द्यावी. १९७४ चं ओबरहाइम एसईएम सिंथ दोन पोलचंच आहे आणि त्याचा फिल्टर आजही लोक मुद्दाम शोधतात. रोलँडच्या ज्युपिटर-८ सिंथवर १२ आणि २४ चा स्विच दिलाय आणि शिवाय ६ डीबीचा, रेझोनन्स नसलेला वेगळा हाय-पास. तो स्विच गाण्यातल्या जागेप्रमाणे वापरायचा असतो.

अनुजा
एसईएमचा विषय निघालाच आहे म्हणून. तो सेल्फ-ऑसिलेट होत नाही. मग दोन पोलचा फिल्टर स्वतः वाजूच शकत नाही हे खरं का? बऱ्याच ठिकाणी असंच लिहिलेलं दिसतं.

तारसप्तक
१९७८ चं कॉर्ग एमएस-२० सिंथ बघा. लो-पास १२ डीबी, हाय-पास ६ डीबी, आणि रेझोनन्स वर नेला की दोन्ही किंचाळतात.

निनाद
अनुजा, नियम पोलच्या संख्येचा नाही, फीडबॅक कसा दिलाय त्याचा आहे. लॅडरमध्ये आउटपुट उलटा करून इनपुटला परत दिला जातो. स्वतः वाजण्यासाठी चक्रात एकूण फेज ३६० अंश आणि गेन १ हवा. उलटण्याचे १८० मिळाले, उरलेले १८० टप्प्यांनी द्यायचे.

चार टप्पे: प्रत्येकी ४५ अंश, जे बरोबर कटऑफवर मिळतात. तिथे प्रत्येकाचा गेन ०.७०७, चौघांचा मिळून ०.२५. म्हणून फीडबॅक ४ पट झाला की फिल्टर वाजतो, आणि वाजतो तो नेमका कटऑफच्या स्वरावर.

तीन टप्पे: प्रत्येकी ६० अंश, ते कटऑफच्या १.७३ पटीवर. तिथे प्रत्येकाचा गेन ०.५, म्हणून फीडबॅक ८ पट लागतो.

दोन टप्पे: प्रत्येकी ९० अंश हवेत, जे अनंतावरच मिळतात. या पद्धतीने दोन पोल वाजत नाहीत, एवढाच त्या समजुतीचा खरा भाग. सॅलन-की घराण्यात फीडबॅक सुलटा असतो आणि स्टेट-व्हेरिएबल या दुसऱ्या मांडणीत (एसईएमची हीच) डँपिंग, म्हणजे वाजणं दाबणारा भाग, थेट कमी करता येतं. तिथे दोन पोल मजेत वाजतात. एसईएममध्ये डँपिंग शून्यापर्यंत जाऊच दिलेलं नाही.

यातूनच लॅडरचा बास का पातळ होतो तेही कळतं. फीडबॅक के पट असेल तर खालच्या भागाचा गेन १ ÷ (१ + के). के ४ ला तो एकपंचमांश, म्हणजे १४ डीबी खाली. शिखर उंच झालं असं वाटतं त्यातला मोठा वाटा बाकी सगळं खाली गेल्याचा असतो. म्हणून काही सिंथमध्ये रेझोनन्सबरोबर इनपुट वाढवण्याची सोय असते.

तारसप्तक
थोडं विषयांतर. रोलँडचं बास सिंथ टीबी-३०३ तीन पोलचं, १८ डीबीचं आहे असं सगळीकडे वाचायला मिळतं. या हिशोबात ते कुठे बसतं?

ओहम
त्यात चार कपॅसिटर आहेत, म्हणजे चार पोल. १८ हा आकडा मोजलेल्या वळणावरून आलेला. तिथे डायोड लॅडर आहे आणि टप्प्यांमध्ये बफर नाही, म्हणजे वर सांगितलेली दोन आरसींची गोष्टच मोठ्या प्रमाणात. चार समान आरसी टप्पे बफरशिवाय जोडले तर पोल ०.१२, १, २.३५ आणि ३.५३ पटीवर जातात. पहिल्या आणि शेवटच्यात जवळजवळ पाच ऑक्टेव्हचं अंतर. डायोड लॅडर अगदी असाच नाही, शिवाय ३०३ मध्ये चारपैकी एक कपॅसिटर इतरांच्या साधारण निम्मा आहे, पण कारण तेच. ऐकण्याच्या पट्ट्यात उतार हळूहळू वाढत जातो, मध्येच कुठेतरी मोजलं तर १८ दिसतो, आणि पूर्ण २४ येईपर्यंत सिग्नल नॉइझमध्ये बुडालेला असतो.

कानसेन
हे पटलं. तरी आवाज वर्णन करताना "१८ सारखा" म्हणणं मला चूक वाटत नाही, कानावर पडतं ते तेच.

ओहम
वर्णन म्हणून हरकत नाही. त्यावरून कोणी तीन समान टप्प्यांचा क्लोन बनवला तर मात्र रेझोनन्सचा स्वर आणि फीडबॅकचं प्रमाण दोन्ही चुकतील. माझा आक्षेप तेवढ्यापुरता.

मिश्रण
ईक्यूच्या बाजूने बोलतो, कारण मिक्समध्ये उताराचा मेन्यू उघडला की लोक थेट ४८ वर जातात.

हाय-पास ८० हर्ट्झ, २४ डीबी बटरवर्थ. १६० हर्ट्झला पातळीत घट फक्त ०.०२ डीबी, म्हणजे मीटरला काहीच दिसत नाही. फेज मात्र तिथे ७८ अंश सरकलेली असते. १२ डीबीचा असता तर १६० ला घट ०.२६ डीबी आणि फेज ४३ अंश. एकट्या ट्रॅकवर याने सहसा काही बिघडत नाही. पण तोच बास दुसऱ्या ट्रॅकवर फिल्टरशिवाय चालू असेल (थेट लाइन आणि माइक, किंवा पॅरलल कॉम्प्रेशन) तर बेरीज बिघडते. ८० हर्ट्झला २४ डीबीच्या फिल्टरची फेज १८० अंश आणि गेन ०.७०७. मूळ सिग्नल त्यात मिसळला तर १ उणे ०.७०७, उरलं ०.२९. म्हणजे कापलेला ट्रॅक मिसळल्याने बास मूळपेक्षा जवळजवळ ११ डीबी कमी झाला. उपाय सोपा आहे: दोन्ही ट्रॅकवर तोच फिल्टर तसाच लावा, किंवा दोन्ही एका बसवर आणून एकदाच कापा.

आणखी एक. हाय-पास लावल्यावर पीक वाढलेलं दिसलं तर प्लगइन बिघडलेला नाही. फेज सरकल्याने घटकांची शिखरं नव्या ठिकाणी एकत्र येतात. लिमिटरच्या आधी हाय-पास असेल तर लिमिटरचा इनपुट पुन्हा तपासा. लिनिअर फेजच्या फिल्टरने (सगळ्या वारंवारता सारख्याच उशिराने सोडणाऱ्या) फेज सरकणं टळतं, पण बदल्यात लेटन्सी येते आणि तीव्र उताराला ठोक्याच्या आधी रिंगिंग ऐकू येतं. किकवर ते सर्वांत आधी कळतं.

बेल (एका वारंवारतेभोवती उंचवटा किंवा खड्डा) आणि शेल्फला (एका बाजूचा सगळा भाग वर-खाली) "इतके डीबी/ऑक्टेव्ह" हे माप लागू होत नाही. बेलमध्ये दोन पोलबरोबर दोन झिरोही (पोलच्या उलट परिणाम करणारे) असतात, म्हणून वळण दोन्ही बाजूंना शून्य डीबीवर परत येतं. तिथे माप क्यूचं: क्यू १.४१ म्हणजे साधारण एक ऑक्टेव्ह रुंदी, ०.६७ म्हणजे दोन, ४.३ म्हणजे एकतृतीयांश. एका पोलच्या शेल्फमध्ये पोल उतरवायला लागतो आणि झिरो थांबवतो, किंवा उलट. ६ डीबीच्या शेल्फमध्ये दोघांत फक्त एक ऑक्टेव्हचं अंतर, त्यामुळे सगळ्यांत तीव्र जागीही उतार फक्त २ डीबी/ऑक्टेव्ह. १२ डीबीच्या शेल्फला ३.६. पीटर बॅक्सँडलच्या १९५२ च्या टोन कंट्रोलच्या घराण्यातले नॉब इतके सौम्य का वाटतात, त्याचं एक कारण हेच.

तारसप्तक
क्रॉसओव्हरला (सिग्नल लो आणि हाय अशा शाखांत वाटताना) लिंकविट्झ-रायली २४ डीबी का घेतात तेही लिहा ना.

मिश्रण
दोन पोलचे दोन बटरवर्थ एकामागे एक, म्हणून क्रॉसओव्हरच्या बिंदूला उणे ३ अधिक उणे ३ असे उणे ६ डीबी. लो आणि हाय दोन्ही शाखा सर्वत्र एकाच फेजमध्ये राहतात, त्यामुळे निम्मं अधिक निम्मं बरोबर एक होतं. चार पोलचं साधं बटरवर्थ वापरलं तर दोन्ही शाखा ०.७०७ वर भेटतात आणि तिथे ३ डीबीचा उंचवटा येतो. लिंकविट्झ-रायलीचा १२ डीबीचा प्रकारही आहे, पण त्यात एका शाखेची पोलॅरिटी उलटावी लागते, नाहीतर बरोबर क्रॉसओव्हरवर खड्डा पडतो. मल्टिबँड कॉम्प्रेसरमध्येही हेच लागू.

कानसेन
बँड-पासबद्दल एक इशारा. दोन पोलचा बँड-पास दोन्ही बाजूंना ६-६ डीबीच उतरतो, कारण दोन पोल दोन बाजूंत वाटले जातात. "१२ डीबीचा बँड-पास" असं लिहिलं असेल तर दोन पोल की प्रत्येक बाजूला १२, हे मोजूनच ठरवा.

आणि चार टप्प्यांच्या एकाच साखळीतून किती प्रकार निघतात हे ओबरहाइम एक्सपांडरने १९८४ मध्ये दाखवलं: पंधरा मोड. साखळीच्या वेगवेगळ्या जागांचे सिग्नल ठरावीक प्रमाणात मिसळायचे. इनपुटमधून पहिला टप्पा वजा केला की एका पोलचा हाय-पास. पहिल्यातून दुसरा वजा केला की दोन पोलचा बँड-पास. चार पोलच्या हाय-पासला इनपुटपासून क्रमाने १, उणे ४, ६, उणे ४, १.

ओहम
हे बनवणाऱ्यांसाठी: त्या शेवटच्या मिश्रणात मोठमोठे आकडे एकमेकांना खोडतात. ६ च्या रेझिस्टरमध्ये १ टक्का चूक म्हणजे इनपुटच्या ०.०६ इतकी गळती, उणे २४ डीबी. हाय-पासमधून बास गळत असेल तर आधी हे रेझिस्टर मोजून जुळवा, मग बाकी शोधा.

अनुजा
कोडवाल्यांसाठी थोडं. एका पोलचा लो-पास एका ओळीत होतो:

नवा = जुना + ए × (इनपुट − जुना)

ए = १ − ई चा घात (−२ × पाय × कटऑफ ÷ सॅम्पल रेट). कटऑफ १०००, रेट ४८००० असेल तर ए = ०.१२२७. चार वेळा लावलं की खर्ज यांचा सिंथवाला आकार मिळतो.

यात वरच्या टोकाला फरक पडतो. २४ किलोहर्ट्झला अ‍ॅनालॉग एक पोल उणे २७.६ डीबी देतो, हा उणे २३.७ वरच सपाट होतो. बायलिनिअर पद्धत (अ‍ॅनालॉग फिल्टर डिजिटलमध्ये आणण्याची दुसरी रीत) वापरली तर उलटं होतं: २४ किलोहर्ट्झला झिरो येतो आणि वरचा उतार गरजेपेक्षा तीव्र होतो. १५ किलोहर्ट्झची बेल डिजिटल ईक्यूत वरच्या बाजूने आखडलेली दिसते ती यामुळेच. ओव्हरसॅम्पलिंगचा पर्याय असेल तर चालू करून फरक बघा. लॅडरचा फीडबॅक कोडमध्ये एका सॅम्पलच्या उशिराने दिला तर उंच कटऑफला रेझोनन्सचा स्वर बेसूर होतो, म्हणून तिथे उशीर नसलेली मांडणीच सोडवावी लागते.

खर्ज
सगळ्यांचे आभार. ८ किलोहर्ट्झचं मोजमाप निनाद यांनी सांगितलं तसंच आलं. पहिले दोन प्रश्न सुटले, तिसरा राहिला: सिंथच्या फिल्टरला ईक्यूसारखं करता येईल का?

निनाद
दोन वाटा आहेत, दोन्ही अपुऱ्या.

पहिली, रेझोनन्स शून्य ठेवून कटऑफ २.३ पट करा, म्हणजे २.३ किलोहर्ट्झ. आता १ किलोहर्ट्झला दोन्हीकडे उणे ३. पण ८ किलोहर्ट्झला सिंथ उणे ४४.७ आणि ईक्यू उणे ७२. वर बरंच उरतं.

दुसरी वाट मला जास्त आवडते: कटऑफ १ किलोहर्ट्झलाच ठेवून फीडबॅक के = १ करा, म्हणजे वाजायला लागतो त्याच्या एकचतुर्थांश. बास ६ डीबी उतरेल, तो आउटपुटला परत द्या. मग बासच्या तुलनेत ६०० हर्ट्झच्या आसपास २.३ डीबीचा उंचवटा, १ किलोहर्ट्झला उणे ३.५, २ किलोहर्ट्झला उणे २१.९, ८ ला उणे ६६.५. वळण ईक्यूच्या बरंच जवळ येतं.

तंतोतंत मात्र कधीच येणार नाही. लॅडरचे चार पोल फीडबॅक वाढवला की एका चौरसाच्या कोपऱ्यांवर पसरतात. दोन वाजण्याच्या दिशेने सरकतात, दोन मागे जातात. बटरवर्थला चारही एका वर्तुळावर, कटऑफपासून सारख्या अंतरावर हवेत. तो चौरस कितीही मोठा केला तरी त्या वर्तुळावर बसत नाही.

खर्ज
दुसरी वाट करून बघितली. ६०० ला अधिक २.१, १ किलोहर्ट्झला उणे ३.४, २ ला उणे २१.७. पण सिंथचा इनपुट गेन वाढवला की उंचवटा कमी होत जातो. कटऑफ सरकतोय का?

ओहम
कटऑफ जवळपास तिथेच आहे, फीडबॅक कमी पडतोय. लॅडरचा इनपुट टप्पा मोठ्या सिग्नलला सॅच्युरेट होतो आणि फीडबॅक त्याच टप्प्यातून परत आत येतो, त्यामुळे त्याचा परिणामकारक गेन घटतो. उतार मोजताना इनपुट नेहमीपेक्षा निदान २० डीबी खाली ठेवा, आणि साध्या मीटरऐवजी एफएफटीमध्ये (सिग्नल वारंवारतांत फोडून दाखवणारं विश्लेषण) फक्त मूळ स्वराची पातळी वाचा. नाहीतर सॅच्युरेशनचे हार्मोनिक आणि नॉइझ मिळून ८ किलोहर्ट्झचा आकडा बिघडवतील.